शेवंताची कडी

बालवाडीच्या बाईंनी सभेत सांगितलं, लेकरांना आपली कामं आपल्या हातानं करू द्या, लगेच मदतीला धावू नका. तेजरामला ते इतकं पटलं की त्यानं घरी येऊन सगळ्यांना तंबीच दिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो लाखांदूरच्या बाजारातून परतला, तर दाराला आतून कडी. दारामागून चार वर्षांची शेवंता बोलली, “बाबा, कडी निंगत नाही.”

“निंगते. अजून कर.”

शेजारचा गोमाजी दार उचकटायला लोखंडी सब्बल घेऊन आला. “पोरीची माय कोठी गेली?”

“गेली असन धानाच्या रोवण्याले. तू सब्बल खाली ठेव. पोरगी आपल्या हातानं काढन.”

गोमाजी कवेलू काढून छपरातून उतरायला तयार होता. तेजरामनं त्यालाही नाही म्हटलं. दारासमोर अर्धं दिघोरी गाव जमलं. कडी खडखडायची, थांबायची, पुन्हा खडखडायची. तेजराम उपाशीच बसून होता.

दिवस बुडता बुडता कडी पडली. शेवंता ऐटीत बाहेर आली. तेजरामनं तिला खांद्यावर घेतलं, त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिच्यामागून त्याची बायको सुलोचना दारात आली.

“तू अंदरच होती?”

“होती ना.”

“मंग कडी काहून नाही काढली?”

“तुमीच तं सांगतलं, पोरीच्या कामात हात घालू नोको. दोनदा हात शिवशिवले माहे, पण पदरात बांधून ठेवले.”