सिलिंडरमध्ये भरलेला गॅस

सांगलीचे जुने फ्रिज-मेकॅनिक नझीरभाई मुजावर पेपर वाचत होते. सगळ्या देशांनी मिळून जपलेला ओझोनचा थर भरून येतोय, अशी बातमी होती.

त्यांना तीस वर्षांपूर्वीचं पुण्यातलं प्रशिक्षण आठवलं. डेन्मार्कहून आलेला शिक्षक हात धरून शिकवायचा, फ्रिजमधला जुना गॅस ओझोनचा थर खातो, तो हवेत सोडायचा नाही, सिलिंडरमध्ये भरायचा. परतल्यावर नझीरभाईंनी तेच केलं. कामाला दुप्पट वेळ लागे. गिऱ्हाइकं तुटली, आणि भागीदार दत्तोबाही भांडून निघून गेला.

तेवढ्यात फोन वाजला. इतक्या वर्षांनी दत्तोबाच बोलत होता.

"नझीर, बातमी वाचलीस? पुढं मीही गॅस सिलिंडरमध्येच भरत आलो रे. तुला सांगायची लाज वाटायची."

नझीरभाईंनी पेपर बाजूला ठेवला. "घरी ये," ते म्हणाले, "चहा टाकतो."