धाकटीचं दुखणं

“तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही,” धाकटीने जाहीर केले आणि दवाखान्यातल्या खाटेवर मांडी ठोकून बसली.

आईने कपाळाला हात लावला. उद्या सकाळी थोरलीची निवडीची शर्यत होती. वर्षभर आई पहाटे उठून तिला मैदानावर नेत होती, आणि धाकटीने नेमका आजचा मुहूर्त काढला होता. गेल्या आठवड्यात दोघी बहिणी तापाने पडल्या, दोघी उठल्या. थोरली मुकाट्याने सरावाला लागली. धाकटीच्या मात्र छातीत कळा सुरू झाल्या.

“जेवताना दोनदा वाढून घेतलंस की गं! तेव्हा नाही दुखलं?”

“जेवताना मी बसलेली असते. आडवं झालं की दुखतं. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं.”

“ऐका, डॉक्टरीणबाई! ताईचं कौतुक झालं की हिच्या पोटात दुखतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता दुखणं वर सरकलंय.”

नर्स खुदकन हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “मुलांच्या छातीतलं दुखणं बहुधा साधंच असतं. पण नुकताच ताप येऊन गेलाय, म्हणजे बघितलेलं बरं. कधी कधी हृदयाला सूज येते.”

थोरली कोपऱ्यातल्या स्टुलावर गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून बसली होती. आईला तिची कणव आली. शर्यत उंबरठ्यावर, आणि पोरीला हे तमाशे बघावे लागताहेत.

“तू घरी जाऊन पड बरं, ताई.”

“ती इथंच थांबेल!” धाकटी कडाडली. “ती गेली तर मी सुई टोचून घेणार नाही.”

“भवानी आहे नुसती,” आई पुटपुटली.

रक्त काढले. छातीला तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला. एरवी साधा काटा रुतला तरी घर डोक्यावर घेणारी धाकटी सुईकडे डोळे वटारून बघत राहिली, पण हूं की चूं केले नाही. आईला उगीचच स्वतःच्या लहानपणीची आठवण झाली. तीही अशीच हट्टाला पेटायची, आणि मग पाठीत धपाटा बसायचा.

दुपार कलली तेव्हा रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, आलेख पुन्हा उजेडाकडे धरून पाहिला.

“हृदय अगदी ठणठणीत आहे हिचं.”

“झालं समाधान?” आई उसळली. “माग बाईंची माफी. सगळा दिवस खाल्लास त्यांचा.”

“नाही मागणार. आधी मला सांगा, सूज असती तर?”

“तर काही महिने धावणं, खेळणं बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषधं आणि विश्रांती. बहुतेक मुलं बरी होतात.”

“आणि कुणी तश्शीच धावली तर?”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. “तर धावता धावता हृदय बंद पडू शकतं.”

“मोठ्यानं सांगा.”

“कार्टे!” आईने तिचा दंड धरला. “काय चालवलंयस हे? उद्या तुझी ताई धावणार आहे, आणि तू आज तिच्यासमोर असलं अभद्र वदवून घेतेस? इतका दुस्वास?”

धाकटीने हिसडा देऊन दंड सोडवला. डोळे भरले होते, पण हनुवटी वरच होती. आईच्या खांद्यावरून तिने सरळ कोपऱ्यात पाहिले.

“ताई, तुझी शपथ मी मोडलेली नाही. कधी दुखतं, कसं दुखतं, सगळं माझंच म्हणून सांगितलं. आता तू ‘सुटली’ म्हण.”