इराची झोप

समितीची बैठक सुरू झाली आणि नेमकी तेव्हाच इरा आईच्या मांडीवर झोपली. सुलक्षणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांच्या काळात झोपेवर लस निघाली, तेव्हापासून कुणी झोपत नव्हतं. इराला मात्र ती लस लागू पडलीच नाही. आता तिला कडक डोस द्यायचा का, हे आज शाळेच्या ऑफिसात ठरायचं होतं.

"अख्ख्या जिल्ह्यात ही एकटी झोपते," संख्याशास्त्राचे बिडकर सर म्हणाले. "हे नॉर्मल कसं म्हणायचं?"

"नाडी उत्तम, भूक उत्तम," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "माझ्या लेखी पोरगी ठणठणीत आहे. नॉर्मल म्हणजे आणखी काय असतं?"

"पण वर्गातली मुलं घाबरतात," समाजशास्त्राच्या देवस्थळी बाई म्हणाल्या. "तिच्या बाकावर कुणी बसत नाही. त्याचं काय?"

सुलक्षणाला तिघांचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. तिने लेकीला उठवायला हात उचलला.

"राहू द्या हो," बिडकर सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. इराच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येत होती. सरांनी उठून पडदा ओढला आणि पावलं न वाजवता ते जागेवर येऊन बसले. त्यानंतर तिघंही भांडले, पण कुजबुजत. झोपलेलं माणूस त्यांच्यापैकी कुणीच आजवर पाहिलं नव्हतं.

"मग डोसाचं काय ठरलं?" शेवटी सुलक्षणाने हळूच विचारलं. तिची मांडी बधिर झाली होती.

"आधी उठू दे तिला," सर म्हणाले.