काडाचा मुखवटा

"कडी काढ गं," नुआला म्हणाली. "हॅलोविनच्या संध्याकाळी दार लावून बसलीस तर गाव वर्षभर नावं ठेवेल."

इल्झेने कडी काढली. मग खिडकीचा पडदा सारून एकदा रस्ता न्याहाळला.

आयर्लंडमधल्या या खेड्यात येऊन तिला वर्ष होत आलं होतं. दिवसा अळिंबीच्या शेडमध्ये काम, बाकी सगळा जीव लीगामध्ये. लीगा पाच वर्षांची. तिचे सोनेरी केस इल्झे न चुकता काळे रंगवायची. शाळेत फोटो काढायचा दिवस आला, की लीगाला हटकून ताप यायचा.

लात्वियात मागे काय सोडून आलो, हे इल्झेने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण शेजारची म्हातारी नुआला आणि घरात भाडं वाटून राहणारी ब्राझीलची नेइदे, दोघींनी आपला तर्क केला होता. बाई एकटी, पोर लहान, आणि दारापुढे अनोळखी गाडी थांबली की बाईची पाचावर धारण बसते. नवरा असणार, दुसरं काय!

"येऊ दे मेल्याला," नेइदे म्हणायची. "माझा तवा आहे आणि त्याचं टाळकं आहे."

इल्झे नुसती हसायची. कुणीतरी येईल आणि लीगाला घेऊन जाईल, एवढ्या एका भीतीने तिला वर्षभर धड झोप लागली नव्हती.

"इल्झे, मला केक!" टेबलापाशी बसलेली लीगा ओरडली.

"आईला नावानं हाक मारतेस?" नेइदे म्हणाली. "आमच्याकडे थोबाडीत बसली असती." मग नुआलाकडे वळून तिने विचारलं, "हे मुखवटेवाले येऊन करतात तरी काय?"

"काही नाही. मुकाट आत यायचं, मुकाट उभं राहायचं. आपण ओळखायचं. ओळखलं की मुखवटा उतरवायचा आणि खायला बसायचं. तोवर त्यांनी बोलायचं नाही, आणि 'कोण तू' असं आपण विचारायचं नाही."

"आणि चोर आला तर?"

"त्यालाही चहा द्यायचा. हॅलोविन आहे बाई."

दार ढकलून मुखवटे आत आले. पहिल्याने डोक्यावरून चादर घेतली होती.

"ढेरी लपत नाही हो, डोनल!" नुआला खिदळली. पोस्टमन डोनलने चादर काढली आणि थेट केककडे मोर्चा वळवला. त्याच्यामागे लग्नाचा झगा घालून आलेला त्याचा भाऊ तर मिशांवरून सापडला. नेइदे हसून हसून वाकली.

राहिला एक. डोक्यापासून खांद्यांपर्यंत गव्हाच्या काडाचा उंच मुखवटा, खाली पुरुषी रेनकोट, चिखलाचे बूट, जाड हातमोजे. नुआलाने गावातली नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला काड सळसळत नकार देत होतं. नावं संपली.

"हरलो बुवा," नुआला म्हणाली. "डोनल, कुणाला आणलंस?"

"मी? हा वाटेत मागून येऊन मिळाला. मला वाटलं, तुमच्या परदेशी मंडळींपैकी कुणी असेल."

"आम्हाला वाटलं तुमचा," नेइदे म्हणाली.

मुखवटा हळूच वळला आणि लीगाच्या दिशेला स्थिर झाला.

इल्झेने मागच्या दाराकडे पाहिलं. ते मोरीपलीकडे होतं, पण तिथवर जायला मुखवट्यासमोरूनच जावं लागणार होतं.

"लीगा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "चल, झोपायचं."

"मला अजून केक नाही मिळाला!"

नेइदेने इल्झेचा चेहरा पाहिला आणि तवा उचलला. डोनलच्याही ध्यानात आलं. केक तसाच टाकून तो दार अडवून उभा राहिला.

"सत्तर वर्षांत कुणाला विचारलं नाही," नुआला म्हणाली, "पण आज विचारते. कोण रे तू?"

मुखवट्याने हातमोजे काढून खाली टाकले आणि तो सावकाश गुडघ्यांवर बसला.

"त्या पोरीला हात लावलास तर याद राख!" नेइदे ओरडली.

तेवढ्यात लीगा खुर्चीवरून घसरून खाली उतरली. इल्झेने झडप घातली, पण फ्रॉकची बाही बोटांतून निसटली. मोठ्यांना ते काड भिंतीसारखं बंद दिसत होतं. लीगा होती टीचभर. मान वाकडी करून ती खालून आत डोकावली. बराच वेळ तशीच बघत राहिली.

"मी ओळखलं," ती हळूच म्हणाली.

"लीगा, इकडे ये!" इल्झे किंचाळली. "ये माझ्याकडे!"

"कोण आहे गं, बाळा?" नुआलाने विचारलं.

"आई," लीगा म्हणाली, आणि इल्झेकडे वळूनही न बघता तिने आपले दोन्ही हात त्या काडात घातले.