राजाचं उत्तर

"युवराज, हवं ते मागा," बाकड्याच्या सिंहासनावरून आत्माराम पेडणेकरांनी फर्मावलं. दशावतारात ते राजा, समोर त्यांचाच मुलगा युवराज. त्याचं हे शेवटचं नाटक. उद्या तो मुंबईला, वडिलांनी खटपट करून मिळवलेल्या नोकरीवर जाणार होता.

ठरल्याप्रमाणे त्यानं राज्य मागायचं होतं. "राज्य नको, महाराज," तो म्हणाला. "मला नोकरीवर धाडू नका. इथंच नाटक करू द्या."

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जागीच सुचावे लागतात. चाळीस वर्षांत कधी न अडलेला राजा गप्प झाला. पेटीवाला सूर धरून बसला. मुलाची नजर खाली गेली नाही.

राजा उठला.

"प्रधानजी," तो म्हणाला, "उद्या मुंबईला निघणारा युवराजांचा रथ थांबवा."