बिल्ला नंबर एकशे सत्तर

यादी दोनदा वाचून घेतली तरी बिल्ला नंबर एकशे सत्तर काही निघेना. मग मोठी बाई सरळ संगणकाच्या खोलीत शिरली आणि दाराला पाठ लावून खुर्चीत बसली.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून ती होती तशी आली होती. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, वर नुसते दोन डोळे. तिथं सगळ्याच अशा. त्या वाफेत माणूस ओळखायचा तो बिल्ल्यावरून, नाहीतर जिभेवरून.

यादीचा नियम साधा होता. वीस वर्षांच्या वर नोकरी आणि शंभर दिवसांहून कमी रजा, त्यांनी वसाहतीतली खोली ठेवायची. बाकीच्यांनी सोमवारपर्यंत रिकामी करायची. एकशे सत्तरच्या नावावरची खोली गेली, तर चूल मांडायला दुसरं छप्पर नव्हतं.

संगणकावरची मुलगी नातीच्या वयाची. मशीन चुकत नाही, असं ती म्हणाली.

"मशीन चुकत नसेल, पण त्याला सांगणारी माणसाच्याच पोटची ना?" बाई म्हणाली. "काय विचारलंस त्याला, ते सांग मला. मी दोन बुकं शिकलेय, तेवढ्यात बसेल असं सांग."

मुलीनं सांगितलं. तिच्याकडे दोन तक्ते होते. एकात कामगार. दुसऱ्यात रजा, प्रत्येक रजेची एक ओळ. दोन्ही तक्ते नंबरावरून जोडायचे, रजेच्या दिवसांची बेरीज करायची आणि शंभराच्या आतले तेवढे काढायचे. असं मशीनला विचारायचं, त्याला क्वेरी म्हणतात.

"आणि ज्याच्या नावावर रजाच नाही, त्याची ओळ त्या दुसऱ्या तक्त्यात कुठून येणार?"

मुलीनं दुसरा तक्ता पुन्हा उघडून बघितला.

"आमच्याकडे डागाच्या चादरीला चिठ्ठी लावतात," बाई म्हणाली. "उद्या मी सांगितलं, चिठ्ठीवाल्या तेवढ्याच चादरी मोजा, तर कोऱ्या करकरीत चादरी गेल्या ना मोजणीतून? तू डागाळलेल्या ठेवल्यास आणि स्वच्छ तेवढ्या उकिरड्यावर टाकल्यास, बये."

मुलीनं मान डोलावली. नुसता जॉइन लावला होता, लेफ्ट जॉइन लावायला हवा होता, असं ती स्वतःशीच पुटपुटली. म्हणजे पहिल्या तक्त्यातलं माणूस ठेवायचंच, दुसऱ्यात त्याला जोड मिळो न मिळो. तिनं बदल केला आणि यादी पुन्हा काढली.

एकशे सत्तर तरीही नव्हता.

तेवढ्यात तिच्या खुर्चीच्या बाजूनं वाट काढत वसाहतीचे साहेब आत आले. यादीवर सही झाली आहे, दारात ठाण मांडून यादी बदलत नसते, असं त्यांनी ऐकवलं. शिपायाला बोलवू का, असंही विचारलं. बाईनं खुर्ची आणखी वीतभर दाराकडे सरकवली. शिपायाच्या घरच्या चादरीसुद्धा आपल्याच भट्टीत उकळतात, बोलवा खुशाल, म्हणाली.

मुलगी मात्र मान खाली घालून शोधत होती. शेवटी सापडलं. एकशे सत्तरच्या पुढं रजेच्या रकान्यात शून्य नव्हतं, ते रिकामं होतं. रिकामं म्हणजे मशीनच्या लेखी ठाऊक नाही. शंभराहून कमी आहे का, असं विचारलं तर ते हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि हो म्हटल्याशिवाय नाव यादीत चढत नाही.

"म्हणजे साहेबांच्याच वळणावर गेलंय," बाई म्हणाली. "त्याला सांग, रिकामं दिसलं की शून्य धर. घागरीत पाणी नसेल, तर किती पाणी आहे ते ठाऊक नाही असं म्हणतात होय?"

मुलीनं तसं सांगितलं. यादी निघाली आणि एकशे सत्तर सगळ्यांच्या वर आला. रजा, शून्य.

साहेबांनी कागद जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. बावीस वर्षं. एक ताप नाही? एक बाळंतपण नाही, लग्न नाही, मयत नाही? हे कसं शक्य आहे?

"मयत झालंय," बाई म्हणाली. आवाज चढला नाही. "घरातून तिरडी उठली, त्या दिवशीसुद्धा एकशे सत्तरचा बिल्ला वेळेवर हजेरीच्या फळीला लागला होता. हजेरीची वही काढा. त्यात एक खाडा दाखवा, मी आत्ता खोलीची किल्ली तुमच्या हातात देते."

वही निघाली. खाडा निघाला नाही. साहेबांनी सही केली. बाईनं कागद मुलीकडून शब्दन् शब्द वाचून घेतला, शिक्का पुसट उठला होता तो पुन्हा मारायला लावला आणि मगच दार मोकळं केलं. जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. साहेबांकडं बघितलंसुद्धा नाही.

वसाहतीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. खोलीत तिची जाऊ खाटेवर बसून गुडघे शेकत होती. मिळाली का, एवढंच तिनं विचारलं. बाईनं कागद तिच्या मांडीवर ठेवला. जावेनं एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतःचं नाव वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"रडतेस काय? नाव तुझं आणि जीभ माझी, बावीस वर्षं असंच चाललंय," बाई म्हणाली. "उद्या बिल्ला लावून जायची पाळी तुझी. साहेब दिसले तर मान खाली घालू नकोस. आज त्यांच्याशी भांडलीस ती तूच."