निरोगी नमुना

हिवतापाच्या परजीवींच्या अभ्यासात तीस वर्षे घालवलेल्या प्राध्यापकांनी संशोधक निवडण्यासाठी दहा काचपट्ट्या मांडल्या. नऊ रुग्णांच्या रक्ताच्या होत्या. दहावी, निरोगी नमुना म्हणून, त्यांच्या स्वतःच्या रक्ताची. एका विद्यार्थिनीने मात्र या दहाव्या पट्टीपुढेही 'बाधित' असेच लिहिले.

"अगं, हे उत्तर चुकलं तर तुझी संशोधनाची जागा गेलीच म्हणून समज," सर शाल लपेटत म्हणाले. "आणि आधी तो पंखा बंद कर. दोन दिवस झाले, या खोलीत नुसती हुडहुडी भरते."

"सर, मी पाचदा पाहिलं. तुम्हीच एकदा बघा ना!"

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि शाल आणखी घट्ट ओढून तिला पैकीच्या पैकी गुण दिले.